ट्रक नको, वेग कमी करा

छोटा कॅम्पिंग ट्रेलर घ्यायचाय, असं अमेरिकेत कुणापाशी नुसतं बोलून बघा. "मग ट्रक लागेल," हे उत्तर तयारच असतं. डीलरकडचा विक्रेता तेच सांगतो, शेजारी तेच सांगतो आणि मंडळाच्या गणपतीत भेटलेला मित्रही प्रसादाची वाटी हातात धरून तोच सल्ला देतो: "अरे, हायब्रिडला काय झेपणारे? सरळ पिकअप घेऊन टाक." मी कॅलिफोर्नियात हायब्रिडच्या मागे टीअरड्रॉप ट्रेलर अडकवून फिरतो, म्हणून स्पष्टच सांगतो. हा सल्ला चुकीचा आहे, खिशाला महाग आहे आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाला त्याहून महाग आहे.

टोयोटाची रॅव्ह-4 हायब्रिड घ्या. 2019 साली आलेल्या पिढीतली ऑल व्हील ड्राइव्ह गाडी युरोपात ब्रेक असलेला 1,650 किलोचा ट्रेलर ओढू शकते. तीच गाडी, तेच अडीच लिटरचं इंजिन अमेरिकेत आलं की मर्यादा 1,750 पौंड, म्हणजे 794 किलो. निम्म्याहूनही कमी! अटलांटिक ओलांडताना इंजिनाची ताकद गळून पडत नाही. बदलते ती रस्त्यावरची शिस्त.

जर्मनीत मागे ट्रेलर असला की कारला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. गाडी, ट्रेलर आणि टायर अटींत बसले तरच ऑटोबानवर 100. ब्रिटनमध्ये मोटरवेवर 60 मैल, आणि तीन लेनच्या मोटरवेची सर्वांत उजवी लेन ट्रेलरवाल्यांना बंद. वेग आटोक्यात असतो, म्हणून तिथे ट्रेलरचा थोडाच भार गाडीच्या हुकावर ठेवला तरी भागतं. अमेरिकेत ट्रेलर 70-75 मैलांनी पळवला जाणार हे गृहीतच धरलेलं. त्या वेगात तो डुलू नये म्हणून त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात. 1,650 किलोच्या ट्रेलरला हा हिशेब लावला तर कारच्या मागच्या टोकावर किमान 165 किलो येऊन बसतात. मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सुटायला लागते. मग मर्यादा खाली आणण्यावाचून गत्यंतर नाही.

कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे: ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने 55 मैलांच्या वर जायचं नाही. आय-5 वर उजव्या लेनमधून 55 ने जाऊन बघा. अजस्र ट्रेलर घेतलेले पिकअप डावीकडून सुसाट निघून जातात. त्यांच्या हवेच्या झोताने माझा ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो, मग आत खेचला जातो. वेग 55 वरून 75 वर नेला की हवेचा रोध जवळपास दुप्पट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती अडीचपट. लहान ट्रेलर ओढायला ट्रक लागत नाही. तो लागतो ही वीस मैलांची घाई ओढायला.

हायब्रिडच्या मर्यादा मला झाकायच्या नाहीत. मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे भरल्या ट्रेलरसकट गाडी अलगद निघते. पण बॅटरी लहान. बेकर्सफील्डहून लॉस एंजेलिसला जाताना ग्रेपवाइनचा 6 टक्क्यांचा चढ लागतो. तिथे ती बघता बघता उतरते आणि पुढचा घाट एकट्या इंजिनाला चढावा लागतो. उलट दिशेने उतरताना बॅटरी काठोकाठ भरते, मोटरचा ब्रेक संपतो आणि मागचं वजन अंगावर येतं. तेव्हा उतार लागायच्या आधीच वेग कमी करून इंजिनाच्या ब्रेकवर यायला हवं. ज्याला हे शिकायचं नाही, त्याला ट्रकसुद्धा वाचवणार नाही.

आणि वजन करा! कॅटलॉगातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. 20 गॅलन पाणी भरलं की 76 किलो तिथेच वाढले. त्यावर गॅसची टाकी, गाद्या, कूलर, शेगडी, आपला कुकर आणि आठवडाभराचे डाळ-तांदूळ. ट्रक स्टॉपच्या काट्यावर थोड्या डॉलरांत खरं वजन कळतं. हजारोंचा ट्रेलर घेणारे लोक तेवढा खर्च करत नाहीत, ही निव्वळ बेफिकिरी आहे. कंपनीची मर्यादा कितीही चिडवणारी असो, ती ओलांडून एक किलोही ओढू नका. युरोपातला आकडा दाखवून अमेरिकेत 75 ने जाणारा माणूस माझ्या बाजूचा नाही.

ट्रकची भलामण मात्र आपोआप झालेली नाही. परदेशी पिकअपवर अमेरिकेने 1964 पासून 25 टक्के आयातकर लावला आहे. या भिंतीआड देशी कंपन्यांनी पिकअप फुगवले आणि त्यांवर गडगंज नफा कमावला. सुटीतल्या चार सहलींसाठी घेतलेलं ते धूड वर्षभर शाळेसमोर आणि दुकानासमोर फिरतं. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने 2023 साली दाखवून दिलं की 40 इंचांहून उंच बॉनेटची गाडी आदळली, तर बुटक्या उतरत्या नाकाच्या गाडीच्या तुलनेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे 45 टक्क्यांनी वाढते. मला तंबू ओढायचाय, त्याची किंमत झेब्रा क्रॉसिंगवरच्या पोराने का मोजावी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कंपन्यांनी अमेरिकेतही वेगागणिक दोन आकडे छापावेत: 55 मैलांना किती, 75 ला किती. चाचण्यांची सोय त्यांच्याकडे आहेच. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या 11.4 मैलांच्या चढावर, 100 अंश फॅरनहाइट उन्हात, एसी चालू ठेवून ट्रेलर ओढायची पद्धत वाहन उद्योगाच्या मानकातच लिहिलेली आहे. सरकारने ट्रेलरची वेगमर्यादा देशभर एक करावी आणि ती मोडणाऱ्याला दंड ठोकावा. ज्याला 55 ने जायला वेळ नाही, त्याने ट्रेलर विकावा. त्याच्या घाईपायी बाकीच्यांनी ट्रक विकत घ्यायचं कारण नाही.