निदानाआधी चिकित्सा नको : एककुष्ठ, विचर्चिका आणि आपला जिल्हा

त्वग्विकाराचा रुग्ण आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतो, तेव्हा तो क्वचितच कोरा आलेला असतो. औषधाच्या दुकानातून मागून घेतलेले मलम, शेजाऱ्याने सुचविलेला बिब्बा किंवा बावची, कोणाकडून आणलेली बेनामी पुडी, एवढे सारे उपचार होऊन गेल्यावर त्यास वैद्याची आठवण होते. व्याधीचे मूळ रूप तोवर झाकोळलेले असते. अशा वेळी केसपेपरवर 'कुष्ठ' एवढाच शब्द लिहून मंजिष्ठा, खदिर, निंब यांचे ठरावीक कल्प सुरू करण्याची रीत आपल्यात रूढ आहे. ही रीत सोडण्याची वेळ आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोरायसिस आणि इसब हे दोन्ही चिवट, दोन्ही वारंवार उलटणारे आणि दोन्ही रुग्णाचे मन खचविणारे. परंतु ते एक नव्हेत. त्यांतील भेद ओळखल्यावाचून केलेली चिकित्सा म्हणजे अंधारात मारलेला तीर होय.

शास्त्राचा आधार घेऊन असे म्हटले जाते की, सर्वच कुष्ठे त्रिदोषज आहेत आणि दोषांसह त्वचा, रक्त, मांस व लसीका हा सप्तद्रव्यसंग्रह सर्वत्र समानच आहे; मग वेगळेपणाचा एवढा आग्रह कशासाठी? याचे उत्तर चरकांनीच चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात देऊन ठेवले आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे यांची लक्षणे त्यांनी पृथक् सांगितली, ती केवळ पाठांतरासाठी नव्हेत. घाम न येणे, विस्तीर्ण जागा व्यापणे आणि माशाच्या खवल्यांसारखी त्वचा ही एककुष्ठाची लक्षणे. तर कंडू, श्याववर्णी पिटिका आणि विपुल स्राव ही विचर्चिकेची. सुश्रुतांनी मात्र विचर्चिकेत रेषा, वेदना, तीव्र कंडू आणि रूक्षता वर्णिली आहे. लस वाहणारे नवे इसब आणि कोरडे, जाड झालेले जुने इसब या दोन्ही अवस्था त्यांत सामावतात, असे आम्हांस वाटते. सोरायसिस म्हणजे एककुष्ठ की किटिभ, हा वाद आपल्या परिसंवादांतून दीर्घकाळ चालत आला आहे व पुढेही चालेल. तो चालू द्यावा. मात्र नावाचा निर्णय लागेपर्यंत लक्षणे नोंदविण्याचे काम थांबता कामा नये.

प्रत्यक्षात पाहावे ते असे. सोरायसिसच्या चकत्यांची कडा रेखीव असते, त्यावर चांदीसारखी शुभ्र, थरांची खपली असते आणि ती खरवडली असता खाली रक्ताचे सूक्ष्म ठिपके दिसतात. कोपरांची व गुडघ्यांची बाहेरील बाजू, कंबर आणि डोके या त्याच्या आवडत्या जागा. डोक्यावरील चकते अनेकदा केसांची सीमा ओलांडून कपाळावर येते. इसबाची कडा आसपासच्या त्वचेत विरून जाते, कंडू असह्य असते, लस येते आणि जुनाट झाल्यावर त्वचा जाड व रेघाळ होते. लहानपणापासूनच्या इसबात कोपराची व गुडघ्याची आतली घडी धरली जाते. घरात दम्याचा किंवा सततच्या शिंकांचा इतिहास आढळतो. सोरायसिसला खाज नसतेच असे मात्र समजू नये. पुष्कळ रुग्णांना ती असते. म्हणून नखे पाहावीत. शिवणाच्या अंगुस्तान्यावर असतात तसे बारीक खळगे नखांवर असतील, तर सोरायसिसची शक्यता बळावते. त्याचबरोबर सांधे विचारावेत. बोटांची सूज आणि सकाळचा ताठरपणा यांस घाईने आमवात म्हणून मोकळे होऊ नये. सोरायसिसमुळे होणारा संधिविकार वेळीच न ओळखल्यास सांधे कायमचे वाकडे होतात.

तळहात-तळपायांचे विकार आणि नाण्याच्या आकाराचे इसब येथे अनुभवी नजरही फसू शकते. तेथे त्वचेचा तुकडा तपासण्यास पाठविण्यात कमीपणा नाही. कडेने पसरणारे आणि मध्ये निवळणारे चकते दिसले, तर गजकर्णाची शंका घेऊन खपलीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी. स्टिरॉइडयुक्त मलमांनी गजकर्णाचे रूप इतके पालटते, की ते इसबासारखे भासू लागते. अशी अनेक मलमे २०१८ मध्ये शासनाने चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली आहेत. तरी ती घराघरांत सापडतात, हे आपण सर्वच पाहतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट महारोगाची. घाम न येणे हे लक्षण एककुष्ठात सांगितले आहे. पण महारोगाच्या चट्ट्यावरही घाम येत नाही आणि तेथील स्पर्शज्ञान हरपते. तेव्हा कापसाच्या बोळ्याने स्पर्श तपासल्यावाचून कोणत्याही चट्ट्याची चिकित्सा सुरू करू नये. स्पर्श कमी आढळल्यास रुग्णास विनाविलंब शासकीय रुग्णालयात पाठवावे. तेथे औषध मोफत मिळते आणि व्यंग टळते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या या खोऱ्यात कापूस, सोयाबीन व तुरीच्या शेतांच्या बांधांवर आणि पडीक रानात गाजर गवत माजलेले असते. हे तण भारतात १९५० च्या दशकात प्रथम पुण्यात नोंदले गेले आणि त्यामुळे होणाऱ्या इसबाची वैद्यकीय नोंद १९७० च्या दशकात झाली, तीही पुण्याहूनच. या वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य, तिचे केस, पराग आणि वाळलेल्या पानांची धूळ अंगावर बसून चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या काळवंडतात, खाजतात, चिघळतात. आयुष्यात कधी त्वग्विकार नसलेल्या मध्यमवयीन शेतकऱ्यास किंवा खुरपणीस जाणाऱ्या स्त्रीस उघड्या अंगावर इसब उद्भवले, तर पहिला प्रश्न बांधावरच्या गवताचाच विचारावा. या रुग्णांचा विकार उन्हाने वाढतो. सोरायसिसच्या अनेक रुग्णांना कोवळे ऊन मानवते व थंडी बाधते. एवढा एक प्रश्नही पुष्कळदा वाट दाखवितो. येथे रक्तशोधक कल्पांची कितीही आवर्तने केली, तरी निदानपरिवर्जन झाल्यावाचून यश नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने गाजर गवताविषयी जनजागृती व मेक्सिकन भुंग्यांचा प्रसार केला आहे. त्या कामाशी आपल्या संघटनेने हात मिळविल्यास, ती आपल्या हातून घडलेली खरी स्वस्थवृत्ताची सेवा ठरेल.

त्वचेच्या काळजीत तेलाइतके स्वस्त औषध नाही. कोमट पाण्याने अल्पकाळ स्नान, तीव्र साबणाचा त्याग आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे स्निग्ध मलम लावणे, हे दोन्ही विकारांत हितकर. मात्र लस वाहत असताना तेलाचे थर देऊ नयेत. तेथे त्रिफळ्यासारख्या कषाय द्रव्यांच्या गाळलेल्या, थंड काढ्याच्या पट्ट्या योग्य. सोरायसिसच्या रुग्णाने खपल्या उपटू नयेत, दगडाने अंग घासू नये. जेथे त्वचेस इजा होते तेथे नवे चकते उठते. इसबाच्या रुग्णाने नखे आखूड ठेवावीत. शेतकामास पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, हातमोजे व तोंडावर रुमाल, आणि घरी परतताच स्नान व कपडे बदलणे आवश्यक. बिब्बा उततो हे आपल्याकडील आजीबाईसही ठाऊक आहे. तरी तो इसबावर लावला जातो. बावचीतील द्रव्ये त्वचेस उन्हाबाबत हळवी करतात, म्हणून बावचीचे तेल लावून उन्हात बसणाऱ्यास फोड येतात. ही द्रव्ये वैद्याच्या हातची आहेत, शेजाऱ्याच्या नव्हेत, हे रुग्णास बजावावे.

पोटात स्टिरॉइड घेत असलेल्या रुग्णास 'ते आजच बंद करा' असे सांगणे धोक्याचे आहे. सोरायसिस अशाने सर्वांगावर उसळू शकतो. ज्याने ते औषध दिले त्याच्याशी बोलून ते क्रमाने उतरवावे. सर्वांग लाल होऊन ताप किंवा थंडी असेल, तर शोधनाचा विचार बाजूस ठेवून रुग्णास रुग्णालयात दाखल करावे. बहुदोष कुष्ठात वारंवार शोधन सांगितले आहे, ते बलाचे रक्षण करूनच.

शेवटी शब्दाविषयी. सुश्रुतांनी कुष्ठाची गणना औपसर्गिक, म्हणजे एकापासून दुसऱ्यास होणाऱ्या रोगांत केली आहे; आणि आजच्या मराठीत कुष्ठ म्हणजे महारोग. सोरायसिस किंवा इसब स्पर्शाने पसरत नाही. आपण सहज उच्चारलेल्या 'कुष्ठ' या शब्दाने एखाद्या मुलीचे लग्न मोडते, एखाद्या सुनेचे ताट वेगळे होते. शास्त्रीय नाव केसपेपरवर असावे; रुग्णास आणि त्याच्या घरच्यांस मात्र 'हा लागट नाही' हे वाक्य प्रथम आणि मोठ्याने सांगावे. तसेच 'मुळासकट बरा करतो' ही भाषाही सोडावी. सोरायसिस आटोक्यात राहतो, दीर्घकाळ शांत राहतो. एवढे आश्वासन खरे आहे आणि पुरेसेही आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक त्वग्विकारी रुग्णाच्या पहिल्या केसपेपरवर सहा गोष्टी लिहाव्यात : कडा, खपली किंवा स्राव, जागा, नखे व सांधे, स्पर्शज्ञान आणि आधी लावलेली औषधे. पाथरी ते पालम, जिंतूर ते गंगाखेड, जिल्ह्यातील वैद्यांनी वर्षभर एवढे केले, तरी एककुष्ठ आणि विचर्चिकेवर बोलण्यास आपल्यापाशी मतांऐवजी नोंदी असतील.