ड्राइव्ह बसवलात, आता जुनं हँडल सोडा

आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये लेथला बसवलेला नवा ड्राइव्ह आठ दिवसांत जळाला. दोष ड्राइव्हचा नव्हता. रिव्हर्स-फॉरवर्डचा जुना हँडलवाला स्विच ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मधोमध तसाच राहू दिला होता. कारागिराने वर्षानुवर्षांच्या सवयीने चालत्या मोटारीचं हँडल खटकन उलटं ओढलं, आणि वीस हजारांचा धूर झाला.

लेथ, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी चालवणाऱ्या सगळ्यांना म्हणून सांगतो: ड्राइव्ह म्हणजे महागडा स्टार्टर नव्हे. आत आलेली वीज तो आधी डीसी करतो आणि तिच्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची तीन फेज नव्याने तयार करतो. चार पोलची मोटार 50 हर्ट्झवर मिनिटाला 1440 च्या आसपास फेरे घेते. 25 हर्ट्झ दिले की साधारण निम्मे. सोबत व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, 415 चं 207 च्या घरात. त्यामुळेच मोटारीचा जोर टिकतो.

लाइनच्या दुरुस्तीत फेज बदलले की गावात मोटारी उलट्या फिरू लागतात, हा अनुभव सगळ्यांचा. ड्राइव्हवरच्या मोटारीला ही बाधा होत नाही, कारण आत सगळं आधी डीसीच होतं. पण याच कारणाने सप्लायकडच्या आर-एस-टीच्या दोन वायरी बदलून दिशाही बदलत नाही. वायरमन तासभर खटपट करत बसले की मला हसूही येतं आणि दयाही. दिशा ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये बदलावी, नाहीतर वीज बंद करून मोटारीकडच्या यू-व्ही-डब्ल्यूपैकी दोन वायरींची अदलाबदल करावी. सप्लाय चुकूनही यू-व्ही-डब्ल्यूला जोडू नका, आणि तिथे कपॅसिटरही लावू नका. काही उघडायचं झालं तर मेन बंद करून निदान दहा मिनिटं थांबा. चालू असताना 580 व्होल्टच्या वर चढलेला डीसी डिस्प्ले विझला तरी आतल्या कपॅसिटरांत काही वेळ दबा धरून असतो.

जड चक झटक्यात थांबवायला गेलात तर मोटारच उलटी वीज बनवून ड्राइव्हकडे पाठवते आणि तो ट्रिप होतो. थांबण्याची वेळ दोन-चार सेकंदांनी वाढवून पाहा. घाईच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर बसवा. जुन्या लेथवर आट्यांचा चक असेल, तर रिव्हर्समध्ये तो सैल होऊन अंगावर येऊ शकतो. तिथे रिव्हर्सचा मोह नकोच.

वेग फार उतरवून तासन्‌तास काम घेतलं की मोटार तापते, कारण तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो आणि तोही मंदावतो. पाठीमागे वेगळा ब्लोअर लावा. 50 हर्ट्झच्या वर नेलीत तर वेग मिळतो, जोर कमी होतो.

सिंगल फेजवर चालणारे ड्राइव्ह बाजारात मिळतात, पण त्यांतले बहुतेक 230 व्होल्टचीच तीन फेज देतात. मोटारीच्या नेमप्लेटवर 230/415 असेल तर ती डेल्टात जोडा. नुसतं 415 असेल तर पूर्ण ताकद मिळणार नाही. आणि घरातली कपॅसिटरची सिंगल फेज मोटार? तिला हा ड्राइव्ह चालत नाही, पैसे वाया घालवू नका.

हँडलशिवाय हात चालतच नसेल तर एक छोटा सिलेक्टर स्विच घ्या आणि त्याच्या बारीक वायरी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला न्या: फॉरवर्ड, रिव्हर्स, कॉमन. शेजाऱ्यांनी दुसऱ्या ड्राइव्हला तेच केलंय. आता स्विच उलटा फिरवला की मोटार आधी हळूहळू थांबते आणि मगच उलटी सुटते.