कंबर दुखते म्हणून नर्सिंग सोडायचं का?

मागच्या वर्षी पावसाळ्यात एक वडील आपल्या 19 वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. तिला जीएनएमला प्रवेश मिळत होता, पण बारावीपासून कंबर दुखत होती. हातात एमआरआयची फाईल. खुर्चीत बसता बसताच वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एकच सांगा. हिला नर्सिंग झेपेल का? नाहीतर बी.कॉम.ला घालतो." मुलगी काहीच बोलली नाही. बी.कॉम.चं नाव निघताच मात्र तिने मान खाली घातली.

हाच प्रश्न मला दुसऱ्या बाजूनेही विचारला जातो. दहा-बारा वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टर येतात आणि विचारतात, "सर, नोकरी सोडू का?" म्हणून आज यावर थोडं सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. जुनी कंबरदुखी आहे एवढ्याच कारणाने नर्सिंगचा विचार सोडू नका. पण "होईल सवय" म्हणून दुखणं अंगावरही काढू नका. आणि या दुखण्याचा सगळा दोष सिस्टरच्या कंबरेवर टाकणं आपण आता थांबवायला हवं.

आधी दुखणं कोणतं आहे ते बघा

कंबर तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखत असेल तर तिला जुनी कंबरदुखी म्हणतात. अशा दहापैकी नऊ जणांमध्ये एखादा ठराविक आजार सापडत नाही. स्नायू, सांधे, झोप, ताण, बसण्या-वाकण्याच्या सवयी अशी बरीच कारणं एकत्र आलेली असतात. दुखणं खरं असतं, पण त्याचा अर्थ मणका मोडतोय असा नसतो.

त्या मुलीच्या एमआरआयमध्ये लिहिलं होतं की एक डिस्क थोडी फुगली आहे. घरात त्यावरून रडारड झाली होती. 2015 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या लोकांपैकीही सुमारे 30 टक्के जणांची डिस्क फुगलेली दिसली. तेव्हा रिपोर्टमधल्या एका ओळीवरून कुणाचं करिअर ठरवू नका.

काही गोष्टी मात्र तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेली राहते, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने बरी वाटते, असं तरुण वयात होत असेल तर मणक्यांच्या संधिवाताची शंका घ्यावी लागते. बारीक ताप, वजन घटणं, रात्रीचं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावा लागतो. पायातली ताकद कमी होणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वॉर्डात कंबरेवर काय येतं?

माझ्या एमडीच्या काळातली एक रात्र मला अजून आठवते. अर्धांगवायूचे एक वजनदार गृहस्थ बेडवर खाली सरकले होते. मी सिस्टरना म्हणालो, "सिस्टर, जरा पेशंट वर घ्या." वॉर्डबॉय दुसऱ्या मजल्यावर गेला होता. एक सिस्टर आणि एक मावशी, दोघींनी मिळून त्यांना वर ओढलं. मी तिथेच उभा राहून केसपेपर लिहीत होतो. माझे दोन्ही हात धडधाकट होते आणि वयही तिशीच्या आतलं होतं. हात लावावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते काम 'त्यांचं' होतं.

आता थोडा हिशेब करू. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणची सुरक्षितता अभ्यासणाऱ्या सरकारी संस्थेच्या संशोधकाने 2007 मध्ये एक मर्यादा सुचवली. पेशंट हाताने उचलताना एका माणसावर सुमारे 16 किलोपेक्षा जास्त भार येऊ नये, तोसुद्धा परिस्थिती अनुकूल असताना. 60 किलोचा पेशंट दोघींनी उचलला तर प्रत्येकीवर 30 किलो येतात, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. पेशंट पोत्यासारखा स्थिरही नसतो. तो मध्येच झटका देतो, गळ्याला हात टाकतो, घसरतो. त्यात बेड खालीवर होत नसेल तर सलाईन लावताना, ड्रेसिंग करताना, चादर बदलताना सिस्टर तासन्‌तास वाकलेलीच असते.

नर्सिंगच्या अभ्यासात उचलण्याची योग्य पद्धत शिकवतात. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ धरा. शिकायलाच हवं. पण नुसतं हे प्रशिक्षण देऊन कर्मचाऱ्यांची कंबरदुखी कमी होते, असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. कारण सरळ आहे. रात्री तीन वाजता दोघींनी चौघांचं काम करायचं असेल तर पुस्तकातली पद्धत कुठे पुरणार?

काही देशांनी यातून धडा घेतला. ब्रिटनने 1992 मध्येच नियम केला की धोकादायक ओझं हाताने उचलायला लावणं शक्य तितकं टाळणं ही मालकाची जबाबदारी आहे. कॅलिफोर्नियात 2012 पासून हॉस्पिटलांना पेशंट सुरक्षितपणे हलवण्याची व्यवस्था ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र नर्सिंग म्हणजे 'सेवा' म्हटलं की पुढचा प्रश्नच संपतो. सेवेचा मान ठेवूया, पण सेवा म्हणजे कंबर गहाण ठेवणं नव्हे. हॉस्पिटलच्या लॉबीत संगमरवर बसवायला पैसे असतात. मग खालीवर होणारे बेड आणि पेशंट सरकवायच्या गुळगुळीत शीट घ्यायला का नसावेत?

तुम्ही काय करू शकता?

प्रवेश घेण्याआधी निदान नक्की करून घ्या आणि दोन-तीन महिने नियमित व्यायाम करून बघा. फिजिओथेरपिस्टकडून पाठ, पोट आणि मांड्यांचे व्यायाम शिका, रोज चाला. दुखलं म्हणून आठवडाभर पडून राहू नका, त्याने कंबर आणखी कमजोर होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि आजार समजून घेणं यावर भर आहे, तर कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं हे नेहमीचे उपचार करू नयेत असं म्हटलं आहे. पट्टा बांधला म्हणजे वजन उचलायला मोकळीक मिळाली असं समजू नका.

कॉलेजपासून दुखणं लपवू नका. लपवलं की सगळ्यात जड पेशंट आपल्याच वाट्याला येतो आणि 'नाही' म्हणता येत नाही. एकटीने पेशंट उचलायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. पेशंटलाही सांगा, "काका, गुडघे वाकवा, मी तीन म्हणाले की पायाने जोर द्या." बरेच पेशंट मदत करू शकतात, आपणच त्यांना सांगत नाही.

सिस्टरांना एक गोष्ट जरा कडकपणे सांगतो. ड्यूटीवर कंबर धरली की एकमेकींना डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचून घ्यायची पद्धत मी पाहिली आहे. कधीतरी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घेणं वेगळं, पण दर आठवड्याला असं चाललं तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर परिणाम होऊ शकतो. पेशंटला तुम्ही हेच समजावता ना?

नोकरीचंही स्पष्ट बोलू. शिकताना आणि सुरुवातीच्या काही वर्षांत वॉर्ड टळत नाही. आयसीयू, अस्थिरोग आणि अर्धांगवायूच्या पेशंटांचे वॉर्ड कंबरेला जड जातात. ऑपरेशन थिएटरमध्ये उचलणं कमी असलं तरी तासन्‌तास उभं राहावं लागतं. पण नर्सिंग म्हणजे फक्त वॉर्ड नाही. ओपीडी, लसीकरण, रक्तपेढी, संसर्ग नियंत्रण, समुदाय आरोग्य, नर्सिंग कॉलेजात शिकवणं, असे अनेक रस्ते आहेत. काहींसाठी पुढचं शिक्षण आणि अनुभव लागतो, तेव्हा दुखणं वाढायची वाट न बघता आधीपासून तयारी करा. सगळं करूनही दुखणं वाढतच गेलं तर काम बदला. त्यात हार मानल्यासारखं काही नाही.

आणि नातेवाइकांनो, पुढच्या वेळी तुमचं माणूस ॲडमिट असेल आणि सिस्टर कूस बदलायला आल्या, तर मोबाइल बाजूला ठेवून विचारा, "सिस्टर, मी कुठून धरू?" त्या सांगतील तसंच धरा, मनाने ओढू नका. डॉक्टर मित्रांनाही हेच सांगणं आहे.

त्या मुलीच्या तपासण्या ठीक आल्या. मी वडिलांना म्हणालो, "घाला नर्सिंगला, पण व्यायाम सुटता कामा नये." तिचं पहिलं वर्ष झालं. कंबर अजूनही अधूनमधून दुखते, विशेषतः पाळीच्या दिवसांत आणि सलग नाईट लागल्या की. परवा तपासायला आली तेव्हा सांगत होती, "सर, आम्ही चौघी मैत्रिणींनी ठरवलंय, कुणीच एकटीने पेशंट उचलायचा नाही. एक सिनिअर हसल्या, पण आता त्याही आम्हाला हाक मारतात."

ज्यांची कंबर दुखत नाही, त्यांनीही हा नियम उचलायला हरकत नाही.