सात दिसले की चक्रं?

हॅरी पॉटरची पुस्तकं सात, शरीरातली चक्रंही सात, म्हणजे ती सगळी कथा कुंडलिनीचीच, असं सांगणारं एक व्याख्यान सध्या आमच्या तासगावात बायकांच्या फोनवरून फिरतंय. पहिलं पुस्तक मूलाधार, शेवटचं सहस्रार, कपाळावरचा व्रण म्हणजे आज्ञाचक्र. पाठशाळेतल्या मुलांना हे ऐकवू या, अशी सूचनाही आली. मी स्पष्ट नको म्हटलं. का, ते ऐका.

सातचं म्हणाल तर आपल्या गणपती मंदिराचं गोपूरही सात मजली आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी ते दक्षिणेतल्या धर्तीवर बांधवलं. म्हणून तळमजला मूलाधार होतो का? आपल्याकडे तत्त्वं सात, व्यसनं सात आणि नरकभूमीही सातच. उद्या मी म्हटलं, पहिलं पुस्तक रत्नप्रभा आणि सातवं महातमःप्रभा, तर तेही जुळेल की!

बरं, चक्रं तरी सगळीकडे सात कुठे आहेत? पूर्णानंदांचा १५७७ चा ग्रंथ नावातच ‘षट्चक्र’ म्हणतो. सहस्रार त्या सहांच्या वर, वेगळं. १९१९ मध्ये जॉन वुड्रॉफ यांनी तो इंग्रजीत आणला. इंद्रधनुष्याचे सात रंग मात्र चक्रांना पुढे पश्चिमेत चिकटले. मूळ ग्रंथात नाभीचं कमळ पावसाळी ढगाच्या रंगाचं आहे, आणि त्या व्याख्यानातल्या तक्त्यात ते पिवळंधमक! बेदाणे रंगावर निवडतात तसं चाललंय सगळं.

आता कथेकडे या. दुसऱ्या पुस्तकात शाळेच्या तळघरात भलामोठा साप आहे. व्याख्यानकारांच्या मते ती झोपलेली कुंडलिनी. पण हॅरी त्या सापाला तलवारीने मारतो हो! कुंडलिनी जागवायची असते की ठार करायची? आणि कपाळावरचा व्रण? त्या व्रणाबरोबरच शत्रूच्या आत्म्याचा तुकडा हॅरीत येऊन बसलाय, आणि तो नष्ट झाल्याशिवाय शत्रू मरणार नाही, यावर तर शेवटचं पुस्तक उभं आहे. याला आज्ञाचक्र म्हणणाऱ्याने पुस्तक पुरतं वाचलंय का, अशी मला शंका आहे. व्हॉल्डेमॉर्टला आत्म्याचे सात भाग करायचे होते, तेही न कळत आठ झाले. आठ म्हटलं की मी लगेच अष्टकर्मं बसवू शकते. एवढं सोपं असतं हे!

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कमळांचं ध्यान आपल्याकडेही आहे. शुभचंद्राचार्यांच्या ज्ञानार्णवात पिंडस्थ ध्यान वाचा. नाभीत सोळा पाकळ्यांचं कमळ, हृदयात खाली तोंड केलेलं आठ पाकळ्यांचं, त्याची एकेक पाकळी म्हणजे एकेक कर्म. नाभीतल्या मंत्राच्या रेफातून आधी धूर, मग ठिणग्या, मग ज्वाला, आणि ती ज्वाला कर्मांचं कमळ जाळते. मग वारा येऊन राख उडवतो, पाऊस येऊन उरलंसुरलं धुतो. यात शक्ती मिळवायची नाही, असलेलं जाळायचं आहे. हे एकदा तरी डोळे मिटून करून बघा. पाचव्या मिनिटाला दुधाची पिशवी आठवते. (मला तरी आठवते.) एवढं कठीण काम, आणि आपण त्याचा जोड्या लावा प्रश्न करून ठेवायचा? ‘त्यांनी आपलंच चोरलं’ म्हणून खूश व्हायचं, आणि आपलं पुस्तक मात्र कपाटात कापडात बांधलेलं.

मुलांनी ती गोष्ट गोष्ट म्हणून वाचावी. मराठीतही आहे, पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. त्यात विचारण्यासारखं खूप आहे, फक्त चक्रांचा तक्ता बाजूला ठेवला पाहिजे. मरणाला इतका घाबरणारा माणूस की तो खून करून आत्मा फोडतो आणि वस्तूंत लपवतो. आणि दुसरीकडे सतरा वर्षांचा मुलगा, प्रतिकार न करता जंगलात मरणाला सामोरा जातो. सल्लेखनेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना यावर बोलता येणार नाही, असं वाटतं तुम्हाला?

रविवारी पाठशाळेत मी त्यांना एवढंच विचारणार आहे: जीव असंख्यात प्रदेशांचा पण अखंड, त्याचा तुकडा पडत नाही असं आपण शिकलो. मग व्हॉल्डेमॉर्ट नेमकं काय फोडत होता?