कंपवात : गोळी घड्याळावर हवी

सकाळी नऊला स्वतःच्या हाताने चहा गाळून घेणारे सासरे अकरा वाजता खुर्चीतून उठण्यासाठी सुनेला हाक मारतात. ‘मघाशी तर सगळे जमत होते!’ असे घरातले कुणीतरी हमखास म्हणते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णाला हे बोलणे फार लागते. बहुतेक वेळा गोळीचा जोर ओसरलेला असतो, एवढेच.

या आजारात मेंदूतील डोपामिन कमी होते. लेव्होडोपाची गोळी मेंदूत पोचली की तिचे डोपामिन बनते. गोळीतले कार्बिडोपा तिला वाटेतच खर्च होऊ देत नाही. सुरुवातीची काही वर्षे बऱ्याच जणांचे दिवसाला तीन गोळ्यांवर निभावते. पुढे एका गोळीचा परिणाम तीन-चार तासांतच सरू लागतो. मग ‘न्याहारीनंतर, जेवणानंतर’ हा हिशेब पुरत नाही.

आपल्याकडे औषध दुधाबरोबर देण्याची हौस भारी! पण दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात अडथळा आणतात. गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर द्यावी. मळमळत असेल तर एखादे बिस्किट चालेल. लोहाची गोळी चालू असल्यास दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. मात्र वरण-दूध बंद करू नका. या आजारात वजन तसेही घटते.

घरात एक वही ठेवा. गोळी किती वाजता घेतली, हालचाल कधी मोकळी झाली, कधी अडली, हातपाय आपोआप वळवळले का, हे आठवडाभर लिहून डॉक्टरांना दाखवा. कधीकधी मात्रा न वाढवता तीच विभागून दिली की काम भागते. हा फेरफार घरच्या घरी करू नये. उपवास, प्रवास किंवा संपल्या म्हणून गोळ्या एकदम थांबवणे तर जिवावर बेतू शकते. रुग्णालयात दाखल करताना वेळांची चिठ्ठी सोबत न्या. उलटीवर मेटोक्लोप्रमाइड दिले जात असेल तर कंपवात आहे हे आधी सांगा. त्याने आजार बळावतो.

खाजकुइलीच्या चूर्णाबद्दलही पुष्कळ विचारणा होते. तिच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली दाखवून दिले. म्हणूनच, ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ असे म्हणून गोळ्यांच्या जोडीने ते घेतल्यास औषधाची मात्रा नकळत वाढते. चूर्ण चालू असेल तर तेही वहीत लिहा.