गाडी एका माणसाने चालत नाही

अलीकडे शाखेच्या प्रत्येक सभेत एक प्रश्न हमखास येतो, ‘यात आमच्या कॅटेगरीला काय मिळाले?’ लोको पायलट विचारतो, स्टेशन मास्तर विचारतो, ट्रॅक मेन्टेनर विचारतो. टपाल खात्यात पोस्टमन आणि सॉर्टर हेच विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. प्रत्येकाच्या कामाचे दुखणे वेगळे असते आणि ते मांडणे हे संघटनेचे कर्तव्यच आहे. परंतु एवढा एकच प्रश्न विचारत राहिलो तर आपण कुठे पोहोचू, याचाही विचार झाला पाहिजे.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्टेशनवर पॉइंट्समनच्या जागा रिकाम्या होत्या. आम्ही त्या भरण्याची मागणी लावून धरली, पीएनएममध्ये भांडलो आणि जागा भरून घेतल्या. सभेत माझ्या गळ्यात हार पडला. महिनाभराने एक गेटमन युनियन ऑफिसात आला. प्रशासनाने नवी भरती केलीच नव्हती. गेटवरची माणसे उचलून स्टेशनवर आणली होती आणि गेटचे आठ तासांचे रोस्टर बारा तासांचे केले होते. तो म्हणाला, ‘भाऊ, हार तुम्हाला पडला, चार तास मला पडले.’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. मागणी रास्त होती, पण तिचे ओझे कुणाच्या खांद्यावर जाणार हे आम्ही पाहिलेच नव्हते. पुढे तो प्रश्न सोडवायला दीड वर्ष गेले.

रेल्वेत एकाचे काम दुसऱ्याच्या कामात किती गुंतलेले आहे, हे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्टेशनवर सगळ्या देशाने पाहिले. मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या बंगळुरू-हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांवर गेले. २९० हून अधिक माणसे मेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसले की मूळ दोष २०१८ साली सिग्नल सर्किटमध्ये केलेल्या बदलात होता. तारांवरच्या चुकीच्या खुणा वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. त्यातच त्या दिवशी लेव्हल क्रॉसिंगच्या बॅरियरचे काम निघाले. पॉइंट पूर्वीही विचित्र वागत होता. ते स्टेशनकडून सिग्नल खात्याला कळवले गेले असते तर उपाय झाला असता, असेही अहवालात आहे. १६ मे २०२२ रोजी त्याच दक्षिण पूर्व रेल्वेत बांकरानयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे तसाच प्रकार घडला होता. त्यापासून धडा घेतला गेला नाही.

यात लोको पायलटचा काय दोष? डब्यात झोपलेल्या मजुराचा काय दोष? एका खात्याची गोष्ट दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचली नाही, एवढे एक कारणही पुरेसे होते. अपघात झाला की प्रशासन दोषी माणूस शोधते. आपण मात्र हे विचारले पाहिजे की दोष कळवणाऱ्याला शाबासकी मिळते की चार्जशीट? ज्या ठिकाणी कळवणारा अडचणीत येतो, तिथे माणसे गप्प राहायला शिकतात.

हीच साखळी आपल्या घरापर्यंत येते. रात्रपाळी करून आलेल्या लोको पायलटला दिवसा झोप मिळावी म्हणून घरातली बाई पोरांना घेऊन शेजारी जाऊन बसते. क्वार्टरचे छत गळत असेल, पाणी दुपारी दोनला येत असेल, तर ती झोप मोडते. मग त्याच डोळ्यांनी तो रात्री सिग्नल बघतो. म्हणून क्वार्टरची दुरुस्ती हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, तो गाडीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्या बाईचे नाव कुठल्याही रोस्टरवर नसते, पण तिच्यावाचून रोस्टर चालत नाही.

टपाल बांधवांना हे वेगळे सांगायला नको. एके काळी आरएमएसचे सॉर्टर धावत्या गाडीत रात्रभर टपाल लावत. गाडी लेट झाली की डाक लेट, आणि लोकांची बोलणी पोस्टमनने खायची. आजही देशातील दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालयांपैकी बहुसंख्य ग्रामीण शाखा कार्यालये आहेत आणि ती ग्रामीण डाक सेवकांच्या जिवावर चालतात. त्यांना मात्र खात्याचे नियमित नोकर मानले जात नाही. २०१८ च्या मे-जूनमध्ये त्यांनी संप केला तेव्हा खेड्यांतली डाक थांबली. ज्याला आपण शेवटचा माणूस म्हणतो, त्याच्यावरच किती अवलंबून होते हे त्या वेळी दिसले. रेल्वेतल्या कंत्राटी सफाई कामगाराचेही तसेच आहे.

आपल्या आधीच्या पिढीला हे उमगले होते. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात वेगवेगळ्या संघटना आणि कॅटेगऱ्या एकत्र उतरल्या. वीस दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. हजारोंना अटक झाली, नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढले गेले. तरीही बोनसची मागणी मेली नाही आणि १९७९ साली ती मान्य झाली. पेन्शनचेही तेच. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. रेल्वे, टपाल आणि संरक्षण खात्यातील कामगार वर्षानुवर्षे एकत्र बोलत राहिले, तेव्हा कुठे १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजना आली. ती पुरेशी आहे असे मी म्हणत नाही. पण एकट्या कॅटेगरीने एवढेही पदरात पडले नसते.

मग करायचे काय? पीएनएममध्ये विषय देण्यापूर्वी तो शाखेत सर्व कॅटेगऱ्यांसमोर ठेवावा आणि विचारावे की याचा भार कुणावर पडेल? जागा भरा म्हणताना ‘नव्या भरतीने’ हे दोन शब्द लेखी घालून घ्यावेत. दोष कळवणाऱ्या कर्मचाऱ्यामागे, तो कुठल्याही कॅटेगरीचा असो, युनियनने उभे राहावे. कंत्राटी कामगार आणि डाक सेवकांना सभेत मागच्या बाकावर नव्हे, बरोबरीने बसवावे. वर्षातून एक सभा कुटुंबांसह घ्यावी आणि त्या दिवशी बायकांना बोलू द्यावे, आपण ऐकावे.

आमच्या शाखेत आता मागण्यांचा कागद वर्किंग कमिटीपुढे जाण्याआधी तोच गेटमन वाचतो. दोन वेळा त्याने तो परत पाठवला आहे. दोन्ही वेळा त्याचेच बरोबर होते.