मापाची टेप आपल्याच हातात



शिवणकाम करणाऱ्या बचत गटांपुढे सध्या एक नवे साधन आले आहे. एखाद्या बाईचा फोटो आणि कुर्त्याचा फोटो दिला की तो कुर्ता तिने घातल्याचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत तयार करून देते. मॉडेल नको, फोटोग्राफर नको, स्टुडिओचे भाडे नको. चार मशीन आणि एक मोबाईल एवढेच भांडवल असलेल्या गटाला याचा मोह पडणे साहजिक आहे. बाजाराचे हत्यार म्हणून ते झिडकारावे, असे म्हणणे सोपे आहे. पण झिडकारल्याने मोठ्या कंपन्यांचे काही अडणार नाही, अडेल ते घरी बसून शिवणाऱ्या बाईचे. म्हणून ते कसे चालते हे समजून घ्यावे आणि आपल्या अटींवर वापरावे, असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट, हे साधन कपडा अंगावर चढवून पाहत नाही. फोटोतला मूळ कपड्याचा भाग झाकून तिथे नवा कपडा ते अंदाजाने रंगवते. हा अंदाज त्याला शिकवलेल्या चित्रांवरून येतो. संशोधनात सर्रास वापरला जाणारा ‘व्हिटॉन-एचडी’ हा २०२१ सालचा संग्रह पाहा. त्यात १३,६७९ जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीत समोरून उभी असलेली स्त्री आणि एक टॉप आहे. साडी त्यात नाही. तेव्हा कुर्ता जितका बरा उमटतो तितका नऊवारीचा काष्टा उमटला नाही, तर नवल वाटायला नको.

म्हणूनच फोटो नीट द्यावा लागतो. बाई सरळ, समोर तोंड करून उभी असावी. हात अंगापासून थोडे दूर आणि केस खांद्यामागे असावेत. अंगावर साधा, फार घोळदार नसलेला कपडा असावा. मागे मोकळी भिंत, समोरून खिडकीचा उजेड आणि मोबाईल छातीच्या उंचीवर धरलेला. कपडा इस्त्री करून, वेगळ्या रंगाच्या साध्या चादरीवर पूर्ण पसरून, दिवसाउजेडी टिपावा. घडी घातलेल्या कपड्याचा दडलेला भाग साधन मनाने भरते. एका वेळी एकच कपडा द्यावा. दोन-तीन चित्रे काढून ती मूळ कपड्याशेजारी ठेवून तपासावीत. काठ तोच आहे का? बुट्टे तेवढेच आहेत का? बाहीची लांबी बदलली नाही ना? बोटे, गळा, मंगळसूत्र जागच्या जागी आहे का? काठ बदललेले चित्र दाखवून माल विकला तर ती ग्राहकाची फसवणूक होते, आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड गटालाच बसतो.

मापाबद्दल तर यावर अजिबात विसंबू नये. चित्रात कुर्ता बेतशीर दिसला म्हणजे तो अंगाला बसेलच असे नाही. छाती, खांदा, कंबर, उंची ही मापे इंचांत चित्राखाली लिहा. चित्र साधनाने बनवले आहे हेही लिहा आणि शेजारी कपड्याचा खरा फोटो ठेवा.

आता बाईच्या शरीराचा प्रश्न. चित्रात अंगकाठी बारीक झाली, रंग उजळला, तर ‘छान दिसते’ म्हणून ते ठेवून देऊ नका. १९९६ साली बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्या एकाच साच्याच्या सौंदर्याला विरोध करत. तोच साचा आपल्याच गटाच्या जाहिरातीतून परत येऊ द्यायचा का? सूचना देताना चेहरा, रंग, बांधा बदलू नये असे स्पष्ट लिहावे. तरीही बदलले तर ते चित्र टाकून द्यावे. गूगलने २०२३ साली अमेरिकेत अशी सोय आणली, तेव्हा एक्सएक्सएस ते फोर-एक्सएल मापांच्या खऱ्या स्त्रियांचे फोटो वापरले. म्हणजे विविधता शक्य आहे, मात्र ती मुद्दाम आणावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट संमतीची. गटातल्या बाईने ‘काढा की फोटो’ म्हटले, एवढ्याने संमती झाली असे मानू नका. कोणत्या कपड्यांसाठी, कुठे, किती दिवस, हे लिहून आणि वाचून दाखवून घ्या. तिने नंतर नाही म्हटले तर फोटो काढून टाका. संमती मागे घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे. ग्राहक स्त्रियांचे आणि अल्पवयीन मुलींचे फोटो यात घालूच नयेत. फुकट ॲपमध्ये फोटो टाकण्याआधी तो कुठे साठवला जातो हे पाहा. शंका असेल तर मानेखालचा भाग किंवा दुकानातला पुतळा वापरा.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. जे तंत्र कपडा चढवते तेच उतरवतेही. मुलींचे साधे फोटो घेऊन नग्न चित्रे बनवण्याचे आणि त्यावरून धमकावण्याचे प्रकार होत आहेत. अशी मुलगी केंद्रावर आली तर ‘फोटो टाकलाच कशाला’ हा प्रश्न विचारू नका. गुन्हा चित्र बनवणाऱ्याचा आहे. पुरावा म्हणून पडद्याचे फोटो आणि दुवे जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जा. चित्र जिथे दिसते त्या कंपनीकडेही लेखी मागणी करा. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनी बनावट नग्न चित्रेही अशा तक्रारीच्या कक्षेत आणली आहेत.

बाईच्या श्रमाला बाजार मिळावा आणि तिचे शरीर मात्र बाजारात मांडले जाऊ नये, ही ओढाताण आपल्याला नवी नाही. प्रत्येक गटाने बैठकीत यावर बोलावे आणि आपले चार नियम ठरवून भिंतीवर लावावेत. ते आम्हांलाही लिहून पाठवा.